प्रेस शॉपची धोका-नोंदवही: सही करण्याआधी काय तपासायचं

प्रश्न: भोसरीच्या एका शीट मेटल प्रेस शॉपमध्ये मी सुपरवायझर आहे. एकूण ४२ माणसं, त्यातली २६ ठेकेदाराकडची. १० ते १०० टनांच्या नऊ पॉवर प्रेस, एक शिअरिंग मशीन, दोन स्पॉट वेल्डिंग, तीन मिग वेल्डिंग, डिग्रीसिंगचा (पत्र्यावरचं तेल धुवायचा) टब, कॉम्प्रेसर, ड्रिल आणि ग्राइंडर. पुढच्या महिन्यात ग्राहक कंपनीचं ऑडिट आहे आणि त्यांनी धोक्यांची नोंदवही मागितली आहे, जिला सगळे ‘हिरा’ (HIRA, म्हणजे धोके ओळखून त्यांची जोखीम ठरवणं) म्हणतात. मालकांनी एका सल्लागाराकडून १८० ओळींची एक्सेल फाइल आणली आणि ‘तयार करणारा’ म्हणून मला सही करायला सांगितलं. निम्म्या ओळींत धोका म्हणून ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ किंवा ‘हातमोजे न घालणे’ असं लिहिलंय. एका ओळीत टॉवर क्रेन आहे. आमच्याकडे साधा होइस्टही एकच आहे. सगळ्या प्रेस ‘फिजिकल’ या वर्गात टाकल्यात, मला ते ‘मेकॅनिकल’ वाटतं. शेवटच्या रकान्यात सगळे आकडे हिरवे आहेत. सही करू का? नाही तर महिनाभरात नीट कशी करायची?

उत्तर: आहे तशी सही करू नका. फाइल मात्र ठेवून द्या. तुमची स्वतःची नोंदवही झाली की काही राहून गेलं का, हे पडताळायला ती कामाला येईल. टॉवर क्रेनवरून एवढं कळतं की ही फाइल कुठल्या तरी बांधकामाच्या साइटवरून उचलली आहे आणि ती देणारा तुमच्या शॉपमध्ये फिरलेला नाही. अनुभवी ऑडिटर ते पाच मिनिटांत ओळखेल. पण ती ओळ खोडली तरी फाइल सुधारत नाही. खरं नुकसान निष्काळजीपणाच्या ओळी करतात.

इजा करू शकेल असं जे काही शॉपमध्ये हजर आहे, तो धोका: खाली येणारा रॅम (प्रेसचा वर-खाली होऊन ठोकणारा भाग), ४१५ व्होल्टची केबल, टबमधलं सॉल्व्हंट, डोक्यावर टांगलेली डाय (पत्र्याला आकार देणारा जड साचा). त्यातून लागण्याची शक्यता किती आणि लागलं तर किती, हे दोन्ही मिळून जोखीम. माणूस दमलेला असतो, घाईत असतो, मोबाइल वाजतो, घरी कुणी आजारी असतं. हे सगळं शक्यता वाढवतं, पण बोट चिरडतो तो रॅमच. त्यामुळे प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारा: इथला ऑपरेटर बदलून दुसरा बसवला तर धोका जातो का? जात नसेल, तर ओळीत माणसाचं नाही, मशीनचं नाव हवं. हा नुसता शब्दांचा कीस नाही. ‘निष्काळजीपणा’ लिहिला की शेजारच्या उपायाच्या रकान्यात ‘समज दिली’ किंवा ‘ट्रेनिंग दिलं’ याशिवाय दुसरं काही लिहिताच येत नाही. गार्डची ऑर्डर निघत नाही, कारण गार्ड नसल्याची नोंदच कुठे नसते. ‘हातमोजे न घालणे’ ही ओळही त्याच जातीची: तिथे उपाय नसल्याची तक्रार आहे, हात कशानं कापतो ते नाही.

ओळ कशी लिहायची ते एका उदाहरणावरून बघा. फाइलमध्ये असेल: ‘पॉवर प्रेस – बोटांना इजा – काळजी घ्यावी.’ तुम्ही लिहा: ‘प्रेस नं. ३, ५० टन, ब्रॅकेट पिअर्सिंग (भोकं पाडणं), हातानं जॉब ठेवणं आणि काढणं. पॅडलवर पाय राहिल्यानं किंवा प्रेस डबल मारल्यानं (एकदा दाबून आपोआप दोनदा ठोकल्यानं) रॅम आणि डायच्या मध्ये बोटं चिरडणं. ऑपरेटर, दोन्ही शिफ्ट. बोटं कायमची जाणं. सध्याची स्थिती: समोर गार्ड नाही, पॅडलला झाकण नाही, चिमटा दिलेला आहे पण वापरत नाहीत, कारण चिमट्यानं जॉब पिनवर सरळ बसत नाही.’

शेवटच्या वाक्याला सगळ्यात जास्त किंमत आहे. चिमटा वापरत नाहीत हे सगळ्यांना दिसतं. का वापरत नाहीत हे विचारलं तर चिमट्याचं तोंड बदलायचं की डायला लोकेटर (जॉब नेमक्या जागी बसवणारा आधार) लावायचा, हे ठरवता येतं.

आता या ओळी गोळा कशा करायच्या. मशीनची यादी घेऊन बसू नका, कामांची यादी करा. प्रेस एकच असली तरी तिच्यावर किमान सहा वेगळी कामं होतात: प्रॉडक्शन, डाय चढवणं-उतरवणं, सेटिंगचे ट्रायल स्ट्रोक, अडकलेला जॉब किंवा स्क्रॅप काढणं, तेल-पाणी आणि सफाई, मेंटेनन्सची दुरुस्ती. प्रत्येकात हात वेगळ्या जागी असतो, मशीनची अवस्था वेगळी असते आणि बऱ्याचदा माणूसही वेगळा. तयार फायलींमध्ये फक्त प्रॉडक्शन असतं. शिवाय रोज न होणाऱ्या कामांची वेगळी यादी करा: रविवारची मेंटेनन्स, स्क्रॅपची गाडी भरणं, शेडवरचा पत्रा किंवा ट्यूब बदलणं, टबाचा गाळ काढणं, लाइट जाऊन परत येणं. लाइट परत आल्यावर कुठलं मशीन बटण न दाबता आपोआप सुरू होतं, हे तर एका संध्याकाळी माणसं बाजूला करून, मेन बंद-चालू करून तपासताही येतं.

फेरी एकदा मारून भागत नाही. एक चालू शिफ्टमध्ये, एक डाय बदलताना, एक दुसऱ्या शिफ्टच्या शेवटच्या तासात, जेव्हा टार्गेट गाठायची घाई असते. प्रत्येक प्रेससमोर निदान अर्धा तास नुसतं उभं राहा आणि हात डायखाली किती वेळा जातो ते मोजा. मिनिटाला ८ जॉब धरले तर कामाच्या सात तासांत ३,३६० वेळा. हा आकडा ओळीतच लिहा. ‘शक्यता कमी’ असं म्हणणाऱ्याला तो पुरेसा आहे.

मग माणसांशी बोला. मालक आणि ठेकेदाराचा माणूस शेजारी नसताना. ‘काही धोका वाटतो का?’ असं विचारलं तर ‘नाही साहेब’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी विचारा: कुठल्या प्रेसवर बसायला नको वाटतं? कुठला जॉब सगळ्यात जास्त अडकतो? अडकला की तू काय करतोस, दाखव. नवीन पोराला पहिल्या दिवशी काय सांगतोस? कुठली प्रेस कधी डबल मारते, हे ऑपरेटरना महिनोन्‌महिने माहीत असतं. कागदावर ते अपघातानंतर येतं. तुमची बरीच माणसं हिंदी किंवा ओडिया बोलणारी असतील, तर हे बोलणं त्यांच्या भाषेत व्हायला हवं, मध्यस्थ त्यांच्यातलाच कुणी अनुभवी असला तरी चालेल.

कागदही बघा, पण अपघात रजिस्टरवर भिस्त ठेवू नका. ४८ तासांहून कमी गैरहजेरीची इजा सरकारकडे कळवावी लागत नाही, म्हणून शॉपमध्येही ती बहुधा लिहिली जात नाही. प्रथमोपचार पेटीतून पट्ट्या किती संपतात आणि कुठल्या लाइनवर संपतात, ब्रेकडाउनच्या वहीत ‘क्लच स्प्रिंग बदलली’ ही नोंद कुठल्या प्रेसपुढे पुन्हा पुन्हा येते, हे जास्त खरं बोलतं.

वर्गवारीच्या प्रश्नाकडे येतो. ‘फिजिकल’ लिहिणारा तसा चुकलेला नाही. व्यावसायिक आरोग्याच्या पुस्तकांत फिजिकल, केमिकल, जैविक, एर्गोनॉमिक (वाकणं, उचलणं, बसण्याची ठेवण) आणि मानसिक-सामाजिक असे पाच वर्ग करतात. त्यात आवाज, उष्णता, कंपनं आणि कधी कधी मशीनही ‘फिजिकल’खाली येतं. मशीन सुरक्षेच्या मानकांत, म्हणजे आयएसओ १२१०० मध्ये, मेकॅनिकल हा स्वतंत्र वर्ग आहे आणि विद्युत, उष्णता, आवाज, कंपन, किरणं, पदार्थ, एर्गोनॉमिक हे त्याच्या शेजारी. प्रेस शॉपसाठी दुसरी पद्धत घ्या. पहिलीत तुमच्या निम्म्याहून जास्त ओळी एकाच खणात पडतील आणि वर्ग करून काही हाती लागणार नाही.

मेकॅनिकलच्या आत एक पायरी आणखी उतरा, कारण उपाय तिथे बदलतो. रॅमखाली चिरडणं, शिअरिंगच्या ब्लेडमध्ये कातरलं जाणं, ड्रिलच्या स्पिंडलमध्ये गुंतणं, कॉइलच्या रोलरमध्ये किंवा बेल्ट-पुलीत ओढलं जाणं, बरवर (कापलेल्या धातूला राहिलेल्या धारदार कुसळांवर) किंवा पत्र्याच्या कडेवर कापणं, फुटलेला पंच (डायमध्ये उतरणारं वरचं हत्यार) किंवा ग्राइंडिंग व्हीलचा तुकडा उडून लागणं, हायड्रॉलिक नळीतून उच्च दाबाच्या तेलाची पिचकारी कातडीत घुसणं. हातमोज्यांचंच बघा. पत्रा उचलताना ते हवेतच. ड्रिलवर तेच हातमोजे स्पिंडलमध्ये गुंततात आणि हात ओढून नेतात. तुमच्या फाइलमध्ये ड्रिल मशीनपुढे ‘हातमोजे घालावेत’ असं लिहिलेलं सापडलं तर ती ओळ आजच खोडा. ‘हाताला इजा’ एवढाच वर्ग केला की असे घोळ होतात.

एका कामाच्या ओळी अनेक होतील. स्पॉट वेल्डिंगवर इलेक्ट्रोडमध्ये बोट सापडणं मेकॅनिकल, ठिणगी डोळ्यात जाणं आणि तापलेल्या जॉबनं भाजणं उष्णतेचं, पॅनलचं अर्थिंग विद्युत. चारही वेगळ्या ओळी, कारण चारही वेगवेगळ्या माणसांनी दुरुस्त करायच्या आहेत.

आणखी एक रकाना जोडा: लगेच लागणारं की हळूहळू. आवाज, वेल्डिंगचा धूर, सॉल्व्हंटची वाफ, वाकून वाकून धरलेली कंबर हे कधीच अपघात रजिस्टरमध्ये येत नाहीत. शॉपमध्ये वीस वर्षं काढलेला माणूस घरी टीव्हीचा आवाज मोठा करतो, तेवढीच त्याची नोंद.

आता प्रेस. तुमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा. गुरुग्राम-मानेसर पट्ट्यात जखमी कामगारांसोबत काम करणारी ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून वाहनउद्योगाच्या पुरवठा साखळीतल्या इजांवर अहवाल काढते. हात आणि बोटं चिरडण्याच्या घटनांत पॉवर प्रेस त्यांत सतत वर असते. भोसरी-चाकणमधल्या प्रेसही त्याच बनावटीच्या असतात.

पहिली नोंद क्लचची करा, म्हणजे फिरत्या जड चाकाची (फ्लायव्हीलची) ताकद क्रँकला आणि त्यातून रॅमला जोडणाऱ्या भागाची. नऊही प्रेसपुढे ‘की क्लच’ (लोखंडी खिळीनं, म्हणजे ‘की’नं जोडणारा) की ‘न्यूमॅटिक फ्रिक्शन क्लच’ (हवेच्या दाबावर, घर्षणानं पकडणारा) हे लिहा, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. की क्लचच्या प्रेसमध्ये एकदा की बसली की क्रँक पूर्ण फेरा मारतो. मध्ये थांबवायची सोय नसते. म्हणून अशा प्रेसवर लाइट कर्टन (हात आड आला की थांबण्याचा इशारा देणारा किरणांचा पडदा) लावणं हा पैशांचा अपव्यय तर आहेच, शिवाय ऑपरेटरला खोटा भरवसा देणं आहे: हात आत गेल्याचं कर्टनला कळतं, पण रॅम थांबत नाही. दोन हातांच्या बटणांचंही तसंच. अमेरिकेतल्या ओशा या कामगार-सुरक्षा खात्याच्या नियमात यासाठी हिशोब दिलेला आहे. हाताचा वेग सेकंदाला १.६ मीटर धरायचा. क्रँकच्या एका फेऱ्यात की एकाच ठिकाणी बसत असेल तर बटण दाबल्यापासून रॅम तळाला पोचायला जास्तीत जास्त दीड फेऱ्याचा वेळ लागू शकतो. मिनिटाला ६० स्ट्रोकच्या प्रेसला दीड फेरा म्हणजे दीड सेकंद, म्हणजे बटणं डायपासून २.४ मीटर लांब हवीत. १०० स्ट्रोकला ०.९ सेकंद, साधारण १.४५ मीटर. तुमच्या प्रेसवर बटणं बेडच्या पुढ्यातच बसवलेली असणार. तर त्या ओळीत ‘दोन हातांचं कंट्रोल आहे’ एवढं लिहून आकडा हिरवा करू नका. आणि प्रेस डबल मारली तर ही बटणं कितीही लांब असली तरी उपयोगाची नाहीत, कारण तोवर हात परत आत गेलेला असतो.

डबल स्ट्रोक का होतो, याच्या नोंदी प्रेसवार हव्यात. कीची धार झिजून गोल झालेली; कीला परत ओढणारी स्प्रिंग ढिली किंवा तुटलेली; लॅच किंवा कॅमचा नाक झिजलेला; ब्रेकचं लायनिंग घासलेलं किंवा त्यावर तेल पडल्यानं क्रँक वरच्या बिंदूच्या पुढे सरकणं. शेवटचं डोळ्यांनी दिसतं: स्ट्रोक संपल्यावर रॅम प्रत्येक वेळी एकाच जागी थांबतो की कधी थोडा पुढे? क्रँकवर खडूनं खूण करून २० स्ट्रोक बघा. खूण सरकत असेल तर ती प्रेस ऑडिटची वाट न बघता थांबवा आणि मेंटेनन्सला द्या.

की क्लचवर खरा उपाय म्हणजे हात आत जाऊच न देणं. डायभोवती बंद गार्ड, ज्यातून फक्त पत्र्याची पट्टी आत सरकते. फट ६ मिमीच्या आत, आणि जागा लागणारच असेल तर जितकी मोठी फट तितका गार्ड डायपासून दूर. हातानं एकेक जॉब ठेवायचाच असेल तर स्लाइड किंवा ड्रॉअर फीड, म्हणजे जॉब बाहेर ठेवून आत ढकलायचा. किंवा इंटरलॉक असलेलं सरकतं गेट, जे बंद झाल्याशिवाय की बसत नाही आणि क्रँक वर येऊन थांबेपर्यंत उघडत नाही. काही उथळ कामांत स्ट्रोक कमी करून पंच आणि डायमधली उघडी जागाच ६ मिमीच्या खाली आणता येते. मग बोटच आत जात नाही. चिमटा आणि मॅग्नेट ही मदत आहे, संरक्षण नव्हे.

१०० टनांची प्रेस न्यूमॅटिक क्लचची असेल तर तिथे लाइट कर्टन चालतो, पण अंतर मोजून. थांबायला ०.२५ सेकंद लागत असतील तर १.६ ने गुणून ४०० मिमी. त्यात कर्टनच्या किरणांमधल्या फटीसाठी वाढीव अंतर वेगळं. ब्रेक झिजला की थांबायची वेळ वाढते आणि तेच अंतर अपुरं पडतं, म्हणून थांबण्याचा वेळ ठरावीक काळानं पुन्हा मोजावा लागतो. ही मोजणी कोण करतो आणि शेवटची कधी झाली, हे नोंदवहीत हवं.

दोन हातांच्या बटणांपैकी एक दोरीनं बांधलेलं, किंवा त्यात नाणं खुपसलेलं दिसलं तर नोंद करा, पण ऑपरेटरच्या नावानं नको. बटण खांद्याच्या वर आहे का, शिफ्टमध्ये हजारो वेळा दाबून मनगट दुखतं का, टार्गेट बांधल्याशिवाय गाठता येतं का, हे शोधा. तसंच दोन्ही बटणं सोडल्याशिवाय पुढचा स्ट्रोक न देणारं सर्किट आहे का, तेही. एका प्रेसवर दोघं काम करत असतील तर बटणांची जोडी दोघांनाही हवी. एरवी हेल्परचे हात मोकळेच राहतात.

डाय सेटिंगची ओळ वेगळी लिहा. मोटर बंद केली तरी फ्लायव्हील बराच वेळ फिरत असतं आणि तेवढ्या ताकदीत एक स्ट्रोक आरामात बसतो. तेव्हा क्रम असा: मेन बंद करून कुलूप, किल्ली डायसेटरच्या खिशात, फ्लायव्हील पूर्ण थांबू द्यायचं, मग रॅमखाली सेफ्टी ब्लॉक. ब्लॉक हा रॅम आणि वरच्या डायचं वजन झेलण्यासाठी असतो, चालत्या प्रेसची ताकद अडवण्यासाठी नाही. लाकडाचा ओंडका लावून मोटर चालू ठेवणं म्हणजे ओंडक्याचे तुकडे उडवणं. अडकलेला जॉब काढतानाही हेच. ‘दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणून कुलूप टाळतात ते याच वेळी.

बाकीचं लवकर आटोपतो. आवाजाची आपल्याकडच्या कारखाना नियमांतली मर्यादा ८ तासांना ९० डेसिबल, ४ तासांना ९५, २ तासांना १००. हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर पातळी ८५ च्या आसपास किंवा वर आहे असं धरा आणि नीट मीटरनं मोजून घ्या. मोबाइलचं ॲप प्रेसच्या ठोक्याचा आवाज कमी दाखवतं. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर वेल्डिंग होतं का? झिंकच्या धुरानं काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, दुसऱ्या दिवशी उतरतो आणि ‘व्हायरल’ म्हणून विसरला जातो. वेल्डर सोमवारी जास्त आजारी पडतात का, ते विचारा. टबातलं सॉल्व्हंट क्लोरिनयुक्त असेल, उदाहरणार्थ ट्रायक्लोरोएथिलीन, तर टब आणि मिगचा बूथ शेजारी असणं हीच एक मोठी ओळ आहे: वाफ आर्कजवळ गेली की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. पुरवठादाराकडून सुरक्षा माहितीपत्रक मागा. त्याचा दुसरा भाग धोके सांगतो आणि आठवा बचावाची साधनं. बाटलीत ओतून ठेवलेलं, चिठ्ठी नसलेलं ‘थिनर’ ही स्वतंत्र ओळ. बेंच ग्राइंडरला टूल रेस्ट आणि व्हीलमधली फट ३ मिमीपेक्षा जास्त नको, वरची पट्टी ६ मिमीच्या आत. हँड ग्राइंडरचा गार्ड काढलेला दिसला तर मोठं व्हील बसवण्यासाठी काढलाय का बघा. व्हीलवर छापलेला वेग ग्राइंडरच्या वेगापेक्षा जास्त हवा. हातात धरायच्या विजेच्या हत्यारांना ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच). होइस्टची सक्षम व्यक्तीकडून वर्षातून एकदा तपासणी. प्रमाणपत्राची तारीख बघा. कॉम्प्रेसरची हवा अंगावरचा बर झाडायला वापरतात का, तेही लिहा.

आकड्यांबद्दल. तीव्रता गुणिले शक्यता ही रीत ठीक आहे, पण गुणाकार लपवतो. बोटं कायमची जाणं ४ आणि ‘क्वचित’ २, म्हणजे ८. बरवर बोट कापणं २ आणि ‘रोजचंच’ ४, तेही ८. दोन्ही हिरवे, दोन्ही एकसारखे. म्हणून नियम करा: तीव्रता ४ किंवा ५ असलेली प्रत्येक ओळ, गुणाकार काहीही येवो, वेगळ्या पानावर जाईल आणि तिथे गार्ड, इंटरलॉक, एक्झॉस्ट यांसारखा यांत्रिक उपाय असल्याशिवाय तिला हिरवा रंग मिळणार नाही. तुमच्या फाइलमधली दुसरी लबाडी ‘उपायानंतर’च्या रकान्यात असेल: हातमोजे लिहून तीव्रता ४ वरून २ केलेली. ५० टनांच्या रॅमखाली हातमोजा काहीच बदलत नाही. गार्डनं शक्यता घटते, तीव्रता नाही. आणि जो गार्ड अजून बसलेला नाही, त्याचा ‘नंतरचा’ आकडा भरायचाच नाही; रकाना रिकामा ठेवा.

उपाय निवडताना क्रम ठरलेला आहे: धोका काढून टाकणं, कमी धोक्याचा पर्याय, यांत्रिक अडथळा, मग कामाची पद्धत आणि ट्रेनिंग, आणि सगळ्यात शेवटी पीपीई, म्हणजे हातमोजे-चष्म्यासारखी अंगावरची साधनं. आयएसओ ४५००१ या कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेच्या मानकातही हाच क्रम आहे, त्यामुळे ऑडिटर याच नजरेनं बघेल. टबाची जागा बदलणं बऱ्याचदा श्वसनाच्या मास्कपेक्षा स्वस्त पडतं.

महिन्याचं नियोजन: पहिला आठवडा कामांची यादी आणि फेऱ्या, दुसरा फक्त प्रेस आणि शिअरिंग, तिसऱ्यात बाकीचं, चौथ्यात दोन ऑपरेटर, डायसेटर आणि मेंटेनन्सचा माणूस बरोबर घेऊन ओळ न्‌ ओळ वाचणं. १८० ओळी होणं गरजेचं नाही. तुमच्या शॉपला ६०-७० खऱ्या ओळी निघाल्या तरी त्या पुरेशा आहेत. ठेकेदाराची २६ माणसं त्यात यायलाच हवीत. ‘ते ठेकेदाराचे’ ही सबब कारखान्याच्या ताबेदाराला चालत नाही, कायद्याचं नाव १९४८ चा कारखाने अधिनियम असो की २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता.

सही कशी करायची: ‘तयार करणारे’ या जागी तुमच्यासोबत ऑपरेटर, डायसेटर आणि मेंटेनन्सचीही नावं घाला, आणि ‘मंजूर’ या जागी मालकांची सही घ्या. पैसे मंजूर करण्याचा अधिकार तुम्हाला नाही, तर मंजुरीची सहीही तुमची नको. तीव्रता ४-५ चं पान वेगळं काढून मालकांना लेखी द्या: प्रेस नंबर, हवा तो गार्ड, अंदाजे खर्च, तारीख, आणि तोवर ती प्रेस बंद की फक्त पट्टी फीडवर चालेल, हे स्पष्ट. पोच घ्या. ऑडिटर ‘नंतरचा’ रकाना रिकामा का, असं विचारील तेव्हा हे पान आणि गार्डच्या ऑर्डरची प्रत पुढे करा. महिन्यात नऊही गार्ड बसणार नाहीत हे त्यालाही माहीत असतं. कुठली प्रेस आधी आणि का, एवढं उत्तर तुमच्याकडे तयार असू द्या.